घड्याळापेक्षा श्वासावर विश्वास ठेव

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. गोड बातमी एका ओळीत उरकून तू लगेच ‘आता पळणे सोडावे लागेल का?’ असे विचारलेस, त्यावरून तुझ्या जिवाची घालमेल समजली. सोडू नकोस, मात्र आधी डॉक्टरांकडून तपासून घे, कारण गर्भाला पोसणारी वार गर्भाशयात खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा मुदतीपूर्वी कळा येण्याची भीती असेल, तर पुढे मी लिहिते आहे ते तुला लागू नाही.

नाडी मिनिटाला 140 च्या वर जाऊ द्यायची नाही, ही ताकीद तुला मिळाली तशी मलाही मिळाली होती. अमेरिकेतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने ही मर्यादा 1985 मध्ये घातली आणि 1994 मध्ये स्वतःच काढून टाकली, तरी ती तोंडोतोंडी अजून फिरते आहे. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढते, बसल्या जागीही नाडी पूर्वीपेक्षा जलद चालते, आणि त्यामुळे तुझ्या मनगटावरच्या घड्याळाने वर्षभर जमवलेले आकडे आता जुन्या अर्थाने वाचता येत नाहीत. त्याऐवजी बोलून पाहा. सहाव्या महिन्यात मी मैत्रिणीबरोबर एका चढावर हळूहळू पळत होते. तिला काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि वाक्याच्या मधोमध दोनदा श्वास घ्यावा लागला. घड्याळ मात्र ‘व्यायाम सौम्य’ असे दाखवत होते. मी वाक्य अर्धे टाकले आणि चालू लागले. पूर्ण वाक्य बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, एवढाच जोर बहुतेक दिवशी पुरे.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. तुला हा आकडा किरकोळ वाटेल, आणि ज्या स्त्रिया आधीपासून कसून व्यायाम करत आल्या आहेत त्यांनी प्रकृती साथ देईपर्यंत तो चालू ठेवण्यास हरकतही नसते. पण अगदी वरची पट्टी टाळ. नॉर्वेतील संशोधकांनी ऑलिम्पिक दर्जाच्या सहा गरोदर खेळाडूंना ट्रेडमिलवर पळवून पाहिले तेव्हा, आईची नाडी तिच्या कमाल मर्यादेच्या नव्वद टक्क्यांपुढे गेल्यावर गर्भाच्या हृदयाचे ठोके मंदावल्याचे आढळले. सहाजणींवरून नियम बनत नाही हे मान्य, तरी स्पर्धेच्या तयारीतल्या जीव तोडून मारायच्या फेऱ्या नऊ महिने बाजूला ठेवायला मला तेवढे कारण पुरले. पोटावर मार बसेल किंवा तोल जाऊन पडशील असे खेळ, खोल पाण्यात बुडी मारणे आणि कोंदट उष्ण खोलीतला व्यायाम यांवर चर्चाच नको. चौथ्या महिन्यानंतर फार वेळ उताणे पडून करायचे व्यायामही बदलून घे. वजने उचलताना श्वास कोंडू नकोस.

आता खाण्याविषयी, कारण तुझी खरी चूक इथे होईल असे मला वाटते. ‘दोघांचे खायचे’ हे जितके खोटे, तितकीच वजन वाढेल या धास्तीने ताटातले कमी करण्याची खेळाडूंची सवय घातक. पहिल्या तीन महिन्यांत गर्भासाठी वेगळे उष्मांक फारसे लागत नाहीत. त्यानंतर रोज सुमारे 340 आणि शेवटच्या तिमाहीत सुमारे 450 जास्त लागतात, आणि व्यायामात जे खर्च होतात ते यात धरलेले नाहीत. गरोदरपणात रक्तातील साखर व्यायामाने लवकर उतरते. मी एकदा सकाळी उपाशीपोटी पाऊण तास पळाले आणि परतताना घराच्या जिन्याचा कठडा धरून तिसऱ्या पायरीवर बसले. हात थरथरत होते, कपाळ गार पडले होते. तेव्हापासून बाहेर पडण्यापूर्वी काहीतरी पिष्टमय खाल्ल्याशिवाय मी बूट घातले नाहीत. प्रथिने प्रत्येक जेवणात विभागून घे, लोह आणि फॉलिक आम्ल डॉक्टर सांगतील तसे घे, आणि व्यायामाच्या आधी व नंतर वजन करून पाहा: जेवढे घटले तेवढे पाणी शरीरातून गेले असे समज. कॅफीन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत ठेव. व्यायामापूर्वी तरतरी आणणाऱ्या ज्या पावडरींच्या डब्यांविषयी तू विचारलेस, ते बंद कर. त्यांत कॅफीनशिवाय कोणत्या वनस्पतींचे अर्क घातले आहेत याची खात्री वेष्टनावरून होत नाही.

रक्तस्राव, गर्भजल जाणे, नियमित येणाऱ्या कळा, छातीत दुखणे, चक्कर, डोके फार दुखणे किंवा एका पोटरीत सूज व वेदना यांपैकी काहीही झाले, तर उरलेली फेरी पूर्ण करण्याचा हट्ट न धरता तिथेच थांब आणि डॉक्टरांना फोन कर. हट्ट हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. तुला मी ओळखते.

तपासणी झाल्यावर आठवड्याचा व्यायाम आणि तीन दिवसांचे खाणे लिहून पाठव. आकडे नकोत, कोणत्या वळणावर बोलणे तुटले तेवढे कळव.

तुझी,
ताई