‘पेपरात छापून आलंय की!’ : हळद, केमो आणि एक कात्रण

आजार कोणताही असो, समुपदेशनाच्या खोलीत कुणीतरी खिशातून घडी घातलेलं कात्रण काढतं किंवा मोबाइल पुढे करतं आणि विचारतं, "हे खरं आहे का? मग चालू औषध बंद केलं तर चालेल का?" दोन प्रश्न एका दमात येतात. ते आधी वेगळे करावे लागतात, कारण पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी दुसऱ्याचं ‘नाही’ असू शकतं.

पुढची हकीकत सांगलीतल्या एका घराची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि तशाच आणखी काही घरांचे अनुभव तिच्यात मिसळले आहेत.

ताई पंचेचाळिशीच्या. स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया झालेली, पुढे दर २१ दिवसांनी केमो. दोन डोस झाले होते. यजमान मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. तिसऱ्या डोसाआधीच्या रक्ततपासणीत यकृताचं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य, वाढलेलं निघालं आणि डोस पुढे ढकलावा लागला. "घरी वेगळं काही चालू आहे का?" या डॉक्टरांच्या प्रश्नावर दोघंही गप्प बसले. समुपदेशनाला आल्यावर मात्र सोबत आलेल्या नणंदेने सगळं सांगितलं. महिनाभर सकाळ-संध्याकाळ चमचाभर हळद, मिरपूड घालून कोमट दुधातून. शिवाय कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतून काढलेल्या घटकाच्या, कॅप्सूल, रोज चार. आणि उरलेले डोस घ्यायचेच नाहीत, असं घरात जवळजवळ ठरलेलं.

यजमानांनी पाकिटातून कात्रण काढलं. मथळा असा : ‘हळदीतील घटक कर्करोगाच्या पेशी मारतो, शास्त्रज्ञांचा दावा’.

"मॅडम, पेपरात छापून आलंय की. खोटं कशाला छापतील? आणि हळद म्हणजे काय परकं औषध आहे का? आमचं घरच तिच्यावर चाललंय."

अशा वेळी ‘असल्या बातम्यांवर विश्वास ठेवू नका’ म्हणून कात्रण बाजूला सारणं ही सर्वांत मोठी चूक. माणूस मान डोलावतो, घरी जातो आणि पुढच्या वेळी कात्रण दाखवत नाही. कॅप्सूल चालूच राहते. म्हणून कात्रण टेबलावर मधोमध ठेवलं, पण पहिला प्रश्न त्याबद्दल नव्हता. ताईंना विचारलं, केमो कसा जातोय?

त्या बराच वेळ बोलल्या. लाल औषध चढवलं की लघवीसुद्धा लाल होते, त्याचीच भीती वाटते. चार दिवस तोंडाला चव नाही. उशीवर केस दिसले त्या सकाळी त्यांनी आरसा उलटा करून ठेवला. शेवटी म्हणाल्या, "त्या कागदावर लिहिलंय ते खरं असावं, असं लई वाटतं." हे वाक्य महत्त्वाचं. बातमी पटते तेव्हा पुष्कळदा पुराव्याआधी गरज आलेली असते. ती बोलून झाली की मग कागद शांतपणे वाचता येतो. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन; त्याचा रंगच लाल असल्याने एकदोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे, हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मळमळीच्या गोळ्यांची वेळही चुकत होती. या दोन गोष्टी त्याच बैठकीत मार्गी लावल्या.

मग कात्रण. आधी त्याचा कागद बघितला. तारीख नव्हती, कात्रीत गेलेली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालची कड. शेवटची ओळ अर्धी कापलेली होती, ‘…मानवी चाचण्या अद्याप’ एवढंच उरलं होतं. हे वरचेवर दिसतं. आरोग्याच्या बातमीत मथळा आणि पहिला परिच्छेद आशेचा असतो. प्रयोग कशावर झाला, काय बाकी आहे, हे शेवटच्या चार ओळींत जातं. कापणारा मथळ्याभोवती कात्री फिरवतो. मोबाइलवर पुढे पाठवतानाही वरच्या अर्ध्या भागाचाच फोटो जातो. मथळा शोधून बातमी पूर्ण वाचली. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवर कर्क्युमिन घातलं होतं, आणि त्या मेल्या होत्या. माणूस त्यात कुठेच नव्हता.

म्हणजे बातमी खोटी नव्हती. यजमानांना हे स्पष्ट सांगितलं, कारण त्यांचा मुद्दा अर्धा बरोबर होता. ताटलीत पेशी खरोखरच मरतात. पण ताटलीतली पेशी मारायला खूप गोष्टी पुरतात, मिठाचं तीव्र पाणीसुद्धा. अवघड काम पुढचं आहे : तोंडाने घेतलेली वस्तू आतड्यातून रक्तात, रक्तातून गाठीपर्यंत पुरेशी पोचली पाहिजे, आणि वाटेत चांगल्या पेशी मारता कामा नयेत. ताटली, मग उंदीर, मग थोडी माणसं, मग पुष्कळ माणसांचे चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट. या वाटेवर बहुतेक पदार्थ मध्येच गळतात.

हिशेबाचं काम दिवाणजींनीच केलं. वाणाप्रमाणे कमीजास्त होईल, पण हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. चमचाभर म्हणजे ३ ग्रॅम हळद धरली तर ९० मिलिग्रॅम. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने दिलं होतं. त्यांनी बोटांवर गणित केलं. "म्हणजे रोज पाव किलोच्या वर हळद पोटात जायची!" तेवढं देऊनही रक्तात फारच थोडं सापडलं, आणि तपासता आलेल्या २१ जणांपैकी दोघांतच काही परिणाम दिसला.

मिरपुडीमागेही एक खरा आकडा आहे. २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं तर रक्तातलं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं, असा १९९८ चा अभ्यास. मोजक्या निरोगी माणसांवरचा. ‘दोन हजार टक्के’ वाचून डोळे विस्फारतात, पण मुळात किती होतं ते कुणी विचारत नाही. जवळजवळ शून्य होतं. दोन पैशांचे बेचाळीस पैसे झाले म्हणून यार्डात पोतं येत नाही. टक्का दिसला की ‘कशाचा टक्का?’ हे विचारायचंच. दुसरी बाजू अशी की पायपरीन यकृताची औषध निकामी करण्याची क्रिया मंदावतं. ती मंदावली तर सोबतच्या दुसऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं, आणि केमो चालू असताना असा बदल कुणालाच नको असतो.

इथे एक गोष्ट त्यांच्यापुढे ठेवली, ती सहसा बातमीत येत नाही. २००२ साली ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांसोबत कर्क्युमिन घातलं, तर औषधाने मरायच्या तेवढ्या पेशी मेल्या नाहीत. उंदरांत सायक्लोफॉस्फमाइड या केमोच्या दुसऱ्या औषधाबरोबरही तसंच दिसलं. ताटली तीच, पदार्थ तोच, निष्कर्ष उलटा. दोन्ही अभ्यास माणसांवरचे नाहीत, म्हणून यातल्या एकावरही उपचार ठरवायचा नसतो. पण केमोच्या दिवसांत कॅप्सूल टाळायला एवढी शंका पुरेशी आहे. कर्क्युमिनने फायदा दाखवलेली स्तनाच्या कर्करोगाची एक चाचणीही आहे, २०२० ची, १५० स्त्रियांवरची. त्यात ते सलाइनसारखं शिरेतून दिलं होतं आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या सोबत दिलं होतं, त्याच्या बदली नव्हे. ‘सोबत’ आणि ‘बदली’ हा फरक मथळ्यात राहत नाही.

बातमीत अतिशयोक्ती येते कुठून? सगळा दोष वार्ताहराच्या माथी मारणं बरोबर नाही. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांनी आपल्या संशोधनाबद्दल वार्ताहरांना पाठवलेली ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासलेला अभ्यास आला. प्राण्यांवरच्या वगैरे अभ्यासातून माणसाबद्दल फुगवलेला निष्कर्ष ३६ टक्के पत्रकांतच होता. पत्रक फुगवलेलं असेल तर ८६ टक्के बातम्या फुगलेल्या; पत्रक सरळ असेल तर फक्त १० टक्के. म्हणून ‘शास्त्रज्ञांचा दावा’ वाचलं की शोधायचं ते हे : त्या संशोधनात नसलेल्या एखाद्या तज्ज्ञाचं मत बातमीत आहे का? नसेल तर ती बातमी बहुधा पत्रकावरूनच उतरवलेली.

आता कॅप्सूल. नणंदेने दुसरं कात्रण दिलं, तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला होता. दिसायला बातमीच : मथळा, दोन स्तंभ, पांढऱ्या कोटातल्या माणसाचा फोटो. पण अक्षराचं वळण शेजारच्या बातमीपेक्षा वेगळं, वार्ताहराचं नाव नाही, गावाचं नाव नाही, वर उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ‘अॅड.’ आणि तळाशी मोबाइल नंबर. बातमीच्या खाली ऑर्डरचा नंबर नसतो. नंबर दिसला की ती जाहिरात. आणि कर्करोग बरा करण्याची जाहिरात आपल्याकडे मुळातच बेकायदा आहे. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करता येत नाही त्यांची यादीच त्याला जोडली आहे. त्यात कर्करोग आहे, मधुमेह आहे, रक्तदाबही आहे. अशा कात्रणाची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. त्यासाठी वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि आवृत्ती लिहून मूळ पान जपून ठेवावं. नणंदबाईंना हे ऐकून वाईट वाटलं, कारण पैसे त्यांनीच घातले होते. उपचार जनआरोग्य योजनेत होता, पण कॅप्सूलचा खर्च खिशातून. त्यांनी भावजयीसाठी धावपळ केली होती आणि ती खरी होती, हे त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं. घरातल्या एकाला दोषी ठरवून समुपदेशन पुढे सरकत नाही.

हळद-कर्क्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या अमेरिकेतल्या दहा रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध झालं आहे. त्यांतल्या एकाचा मृत्यू झाला, आणि तपासलेल्या सात जणांच्या गोळ्यांपैकी तिघांच्या गोळ्यांत मिऱ्याचा अंश होता. मग ताईंचं एसजीपीटी कॅप्सूलमुळेच वाढलं का? तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही. केमोच्या औषधांनीही ते वाढतं. बातमीला जो नियम लावला तो इथेही लावायला हवा. कॅप्सूल थांबवून आठवड्याने पुन्हा तपासायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं. भाजी-आमटीतली हळद चालूच ठेवायला सांगितली. ती बंद केली असती तर यजमानांना ते पटलंही नसतं, आणि गरजही नव्हती.

राहिला दुसरा प्रश्न, उरलेले डोस सोडले तर काय? ‘जिवाला धोका आहे’ एवढं म्हणून भागत नाही. अमेरिकेतल्या रुग्णनोंदींवरचा एक अभ्यास २०१८ साली आला. न पसरलेला कर्करोग असताना ज्यांनी नेहमीचा उपचार न घेता फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांची तुलना उपचार घेतलेल्यांशी केली. स्तनाच्या कर्करोगात नेहमीचा उपचार घेतलेल्या १०० पैकी सुमारे ८७ स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या, फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांत ५८. या अभ्यासाची मर्यादाही सांगितली : इथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, लोकांनी आपापला मार्ग निवडला होता, आणि ताईंची शस्त्रक्रिया आधीच झाली असल्याने त्यांचा आकडा हाच असेल असं नाही. त्यांचा स्वतःचा आकडा, म्हणजे गाठीचा प्रकार आणि टप्पा बघून केमोने किती फरक पडतो, हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगायचं. तो प्रश्न त्याच कात्रणाच्या मागे निळ्या पेनाने लिहून दिला : ‘माझ्यासारख्या १०० बायकांत केमो घेऊन किती, न घेता किती?’ असा विचारला की डॉक्टरही नेमकं उत्तर देतात.

बातमी आशेची नसून भीतीची असली तरी गडबड तशीच होते. सप्टेंबर २०२४ मध्ये पन्नासहून अधिक औषधं केंद्रीय गुणवत्ता तपासणीत नापास झाल्याच्या बातम्या आल्या. पॅरासिटामॉल, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या, सगळी नावं त्यात. अशी बातमी वाचून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली तर खरा धोका तिथून सुरू होतो. ती यादी औषधाची नसते, बॅचची असते : उत्पादक, बॅच नंबर, तयार झाल्याची व मुदतीची तारीख, कोणत्या कसोटीत कमी पडलं, असं सगळं त्यात असतं. आपल्या पट्टीच्या मागचा बॅच नंबर यादीशी जुळला तर दुकानदाराकडून पट्टी बदलून घ्यायची. जुळला नाही तर त्या बातमीचा आपल्या गोळीशी संबंध नाही.

ज्यांना इंग्रजी वाचता येतं अशा घरातल्या मुलांना दोन ठिकाणं जरूर दाखवावीत. पबमेड या संकेतस्थळावर वैद्यकीय संशोधनाचा सारांश फुकट मिळतो. तिथे अभ्यास पेशींवर, उंदरांवर की माणसांवर हे पहिल्या दहा ओळींत कळतं, आणि निबंध मागे घेतला गेला असेल तर तशी ठळक सूचना असते. कर्क्युमिनवरचे बरेच निबंध असे मागे घेतले गेले आहेत. दुसरं, भारतातल्या औषधचाचण्यांची सीटीआरआय ही नोंदवही. जून २००९ पासून इथल्या चाचण्यांची नोंद तिच्यात सक्तीची आहे. ‘आमच्या औषधाची रुग्णांवर चाचणी झाली’ असं कुणी म्हणत असेल तर नोंदणी क्रमांक मागायचा.

आठवड्याने एसजीपीटी खाली आलं, तिसरा डोस झाला. चौथ्याच्या वेळी यजमान एकटेच आधी खोलीत आले. घरच्या ग्रुपवर कारल्याच्या रसाचा व्हिडिओ आला होता आणि पेपरात रक्त वाढवण्याबद्दल काही छापून आलं होतं. "काही सुरू केलेलं नाही, आधी दाखवायला आणलंय," म्हणाले. या वेळचं कात्रण खालच्या कडेपर्यंत पूर्ण होतं, आणि वर पेनाने तारीख घातलेली.