मोठे फुटबॉल कोच आपल्या पोराला, भावाला असिस्टंट करतात, अनुभव कमी असला तरी. क्लबला हे चालतं कसं? प्लेयर काही बोलत नाहीत का?

चालतं ओ, कारण हेड कोच सही करतानाच सांगतो की मी एकटा येणार नाही, माझी माणसं घेऊन येणार. फिटनेसवाला, गोलकीपर कोच, व्हिडिओ बघणारा, सगळे आले त्यात. आणि टीम हरायला लागली की बहुतेक वेळा सगळं बिऱ्हाड एकदमच हलतं. त्यामुळं ओळखीचा माणूस आणला यात मला तरी काही गैर वाटत नाही, नात्यातला असला तरी. त्याला नेमकं काम काय दिलंय आणि तो साहेबाला तोंडावर "हे चुकायलंय" म्हणू शकतो का, एवढंच बघायचं.

मोठे कोच म्हटलं की इटलीचा कार्लो ॲन्चेलोत्ती आलाच, म्हणून तिथनंच सांगतो. त्याचा पोरगा डेव्हिडे आधी पॅरिसच्या पीएसजी क्लबात बापाच्या फिटनेसच्या स्टाफमध्ये होता, मग जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबात विशीतच असिस्टंट झाला, आणि तिथं जावईपण होता, खाण्यापिण्याचं बघायला. सप्टेंबर २०१७ मध्ये पॅरिसकडनं ३-० मार खाल्ला आणि बापाला काढलं, तेव्हा या घरच्या मंडळींवरनंपण बोंब झालीच. पण तोच पोरगा पुढं बापाबरोबरच नापोली, एव्हर्टन हे क्लब करत रिअल माद्रिदला आला, तिथं २०२२ आणि २०२४ ला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली आणि तेव्हा कुणी घराणेशाहीचा घ सुद्धा काढला नाही. २०२५ ला ब्राझीलच्या बोटाफोगो क्लबानं त्याला हेड कोच केलं. आडनावामुळं दार उघडलं हे खरंच, पण आत गेल्यावर बरीच वर्षं खालची कामं केलीत त्यानं.

याच्या उलट स्पेनचा व्हॅलेन्सिया क्लब बघा. २०१५ ला फिल नेव्हिल तिथं असिस्टंट होता, डिसेंबरमध्ये मालक पीटर लिमनं त्याचाच भाऊ गॅरीला हेड कोच करून आणलं. गॅरी प्लेयर म्हणून मोठाच, इंग्लंडच्या स्टाफमध्येपण होता, पण क्लब कधी सांभाळलेला नाही, स्पॅनिश येत नाही, आणि मालक तर तेव्हा इंग्लंडातल्या सॅलफर्ड क्लबात या भावांचा पार्टनर! म्हणजे नवख्याला सावरायला नवखाच, तोही सख्खा भाऊ. लीगच्या १६ मॅचमध्ये ३ जिंकले, कपमध्ये बार्सिलोनानं ७-० धुतलं. मग फेब्रुवारीत पाको आयेस्तारान म्हणून जुना मुरलेला असिस्टंट आणला, आणि मार्चअखेर गॅरीला काढून त्यालाच खुर्ची दिली. आधीच आणला असता तर कदाचित गॅरी टिकलापण असता.

आपल्या बेंगळुरू एफसीचंच घ्या की. तिथला हेड कोच आल्बर्ट रोकानं २०१६ ला कार्लेस कुआद्रात याला असिस्टंट म्हणून आणलं, तोपण ओळखीतलाच, आधी बरोबर काम केलेला. रोका गेल्यावर २०१८ ला तोच हेड कोच झाला आणि पहिल्याच सीझनला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, मारली, फायनलला गोव्याविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये आपल्या राहुल भेकेचं हेडर. (आमच्या बेळगावात त्या दिवशी निम्मी गँग गोव्याच्या बाजूनं होती, चोर्ला घाट उतरलं की गोवाच, काय करणार.) ओळख होतीच, पण ती कामातनं झालेली.

आता प्लेयर का बोलत नाहीत ते. टीममधनं काढलेला प्लेयर सहसा हेड कोचकडं जात नाही, असिस्टंटकडं जातो. तिथं शिव्या घालतो, दुखणं सांगतो, मोकळा होतो, आणि असिस्टंट त्यातलं गाळून कामाचं तेवढं वर पोचवतो. तिथं साहेबाचा पोरगा बसला की ती वाटच बंद, कारण रात्री जेवताना बापाच्या कानावर जाणार हे सगळ्यांना माहीत. आमच्याकडच्या एका अकॅडमीत मी हे डोळ्यानं बघितलंय, नाव घेत नाही. कोचच्या भाच्याला असिस्टंट केलेलं, ट्रॅकसूट कोरा करकरीत, गळ्यात शिट्टी, हातात मोबाइल, आणि मैदानात प्रॅक्टिसचे प्लास्टिकचे कोन लावायलेत बिचारी पोरंच. एका विंगरची, म्हणजे कडेनं पळणाऱ्या प्लेयरची, मांडी मागनं धरलेली, तर भाचेसाहेब म्हणतात, "पळ रे, पळालास की मोकळं होतंय." पोरगं पळालं बापडं, आणि दुखतंय हे त्यानं कुणाला सांगितलं तर गेटवरच्या चहावाल्याला! कोचला कळलं तेव्हा पोराला नीट चालता येत नव्हतं, आणि भाच्याला काढायचं तर घरी बहीण आहे.

प्रोफेशनलमध्ये चहावाल्याच्या जागी एजंट असतो एवढाच फरक. प्लेयर एजंटला फोन करतो, एजंट क्लबच्या स्पोर्टिंग डायरेक्टरला, नाहीतर कुठल्यातरी पत्रकाराला, आणि हेड कोचला आपल्याच ड्रेसिंग रूमची खबर पेपरात वाचायला मिळते.