जवसाची अंडी, हिरव्या चाऱ्याचं तूप आणि सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, घरात तूप सोडायला कुणी तयार नाही, आणि विक्रेता म्हणतो की हिरव्या चाऱ्यावरच्या गाईचं तूप हृदयाला चालतं. शिवाय ओमेगा-३ची अंडी, म्हणजे जवस खाऊ घातलेल्या कोंबड्यांची, दुप्पट भावात मिळतायत. दोन्हींवर पैसे घालावेत का?

माझी उमेदीची सगळी वर्षं पशुखाद्याच्या धंद्यात गेली, त्यामुळे स्पष्टच सांगतो. अंड्यांच्या दाव्यात बऱ्यापैकी तथ्य आहे. तुपाच्या दाव्यात फारसं नाही.

फरक पोटाचा आहे. कोंबडीने खाल्लेलं तेल पचून बरंचसं तसंच्या तसं अंड्यात आणि चरबीत उतरतं. गाय, म्हैस, शेळी यांचं तसं होत नाही. त्यांनी खाल्लेलं आधी कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात जातं आणि तिथले जिवाणू असंपृक्त मेदाम्लांना (मेदाम्लं म्हणजे मेदाचे घटक) हायड्रोजन जोडून बहुतेक संपृक्त करून टाकतात. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतो तो हाच संपृक्त मेद. म्हणून गाईला कितीही जवस किंवा लसूणघास घाला, दुधातला साठ-पासष्ट टक्के किंवा त्याहून थोडा जास्त मेद संपृक्तच राहतो. पाच ग्रॅमच्या चमचाभर तुपात तीन ग्रॅम संपृक्त मेद धरून चाला. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाने एकूण संपृक्त मेद २२ ग्रॅमच्या आत ठेवावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यावरून निघतं. त्यात दूध, पनीर, बिस्किटं, फरसाण सगळं आलं.

हिरव्या चाऱ्याने काहीच होत नाही असंही नाही. गाईचं तूप जास्त पिवळं होतं, कारण चाऱ्यातलं कॅरोटीन त्यात उतरतं. सीएलए नावाचं मेदाम्लही दुपटी-तिपटीने वाढतं आणि जाहिरात त्याचीच चालते. पण हिशेब करून बघा. चांगल्या तुपातही सीएलए फार तर दीड-दोन टक्के, म्हणजे चमच्यात शंभर मिलिग्रॅमच्या आत. माणसांवरच्या प्रयोगांत रोज तीनेक ग्रॅम दिलं जातं, आणि तेवढं देऊनही निकाल यथातथाच. तुपातून तेवढं मिळवायला रोज दीड-दोनशे ग्रॅम तूप खावं लागेल! चवीसाठी, रंगासाठी किंवा ओळखीच्या शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत म्हणून ते तूप घ्या, ते मला पटतं. औषध समजून घेऊ नका.

खाद्याने दुधातला मेद बदलतो हे सरकारलासुद्धा मान्य होतं. १९५४च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांत कापूस पट्ट्यातल्या तुपासाठी मापं वेगळी होती. तुपाचं रिफ्रॅक्टोमीटरवरचं (तूप प्रकाश किती वाकवतं ते मोजणाऱ्या यंत्रावरचं) माप एरवी ४० ते ४३ लागायचं, कापूस पट्ट्यात ४१.५ ते ४५ चालायचं. तिथली जनावरं सरकी भरपूर खातात, त्यामुळे शुद्ध तूपही नेहमीच्या मापात भेसळीचं ठरलं असतं. सरकीतली काही मेदाम्लं जनावराच्या शरीरातलं संपृक्त मेदाचं असंपृक्तात रूपांतर अडवतात, म्हणून लोणी घट्ट येतं. हीच सरकी कोंबडीला जास्त झाली तर साठवलेल्या अंड्यातला पांढरा भाग गुलाबी पडतो.

आणि एक गोष्ट तुपाच्या बरणीवर कुणी छापत नाही: बायपास फॅट. दूध संकलन केंद्रावर भाव ठरतो फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). फॅट लागत नाही म्हटलं की शेतकरी आंबोणात बायपास फॅट घालतो. ते बहुधा पाम तेलाच्या मेदाम्लांचा कॅल्शियम क्षार असतं, कोटीपोटात न विरघळता पुढे जातं, आणि दुधात पामिटिक आम्ल, म्हणजे संपृक्तच मेदाम्ल, वाढवतं. २०२१मध्ये कॅनडात लोणी बाहेर ठेवूनही मऊ होत नाही म्हणून ओरड झाली, तेव्हा बोट याच पाम खाद्याकडे दाखवलं गेलं. यात शेतकऱ्याची चूक नाही. त्याला पैसे फॅटच्या टक्क्याचे मिळतात, प्रकाराचे नाही.

आता अंडी. साध्या अंड्यात डीएचए (माशांत भरपूर असणारं ओमेगा-३ मेदाम्ल) ३० ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, जवस खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात साधारण दुप्पट. जवसात मुळात डीएचए नसतं. त्यातल्या एएलएपासून (हे वनस्पतीतलं ओमेगा-३) डीएचए बनवण्याचं काम कोंबडीचं यकृत करतं. आपलं शरीर त्यात कच्चं, म्हणून या अंड्यांना अर्थ आहे. मात्र खोक्यावर नुसतं 'ओमेगा-३' नको, डीएचए किती मिलिग्रॅम ते छापलेलं बघा. बलकाच्या गडद केशरी रंगावर जाऊ नका. तो मक्याने किंवा खाद्यात मिसळलेल्या झेंडूच्या अर्काने येतो, ओमेगाशी त्याचा संबंध नाही. 'गावरान' शब्दावरही जाऊ नका, परसातली कोंबडी काय टिपते त्यावर सगळं अवलंबून. आणि कोलेस्टेरॉल या अंड्यातही दोनशे मिलिग्रॅमच्या घरातच असतं, खाद्याने ते फारसं हलत नाही. सासऱ्यांना डॉक्टरांनी बलक मोजून दिला असेल तर ती संख्या पाळायचीच.

तुमच्या जागी मी असतो तर घरात मासे चालतात का ते आधी बघितलं असतं. तारली किंवा बांगडा आठवड्यातून दोनदा केला तर एका खेपेला अशा कित्येक अंड्यांइतकं डीएचए मिळतं. फक्त तळू नका, कालवण करा. मासे चालत नसतील तर दुप्पट भावाची अंडी सासऱ्यांपुरती घ्या, बाकीच्यांना साधी पुरेत. सोबत जेवणात मोठा चमचाभर जवसाची चटणी द्या, त्यात दीडेक ग्रॅम एएलए जातं. तूप वरणभातावर अर्धा चमचा, कुठल्या का गाईचं असेना. गोळ्या चालू असतील तर त्या या कशाच्याही भरवशावर बंद करू नका.