नव्या आशाताईला: ‘औषध काय घेतेस?’ असं विचारू नकोस

अगं, असं विचारलंस की गरोदर बाई फक्त लोहाच्या गोळ्या सांगते. काढा, अंगारा, वैदूची पुडी हे तिच्या लेखी औषधच नसतं. त्यापेक्षा ‘सासूबाई काय काय देतात? पोट कोणी चोळतं का?’ असं विचार. ऐकताना हसू मात्र नकोस. मी एकदा हसले, त्या घरानं पुढे मला काहीच सांगितलं नाही.

सगळ्याला नाही म्हणायची गरज नसते. मळमळीला आल्याचा तुकडा चालतो. केशराच्या दुधानं बाळ गोरं होत नाही, पण दूध तरी पोटात जातं!

नवव्या महिन्यात कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजत असतील तर तिथे अड. जुलाबानं बाई गळून जाते. पोट चोळून बाळ फिरवणंही नको. पुडीतल्या भस्मात शिसं, पारा असू शकतो. ती फेकायला लावू नकोस, पुडीसकट बाईला डॉक्टरांकडे आण. माती किंवा पाटीवरची पेन्सिल खात असेल तर रक्त कमी असू शकतं, रागावण्याआधी हिमोग्लोबिन बघ.

आणि त्या लोहाच्या 180 गोळ्या! ‘गोळीनं बाळ मोठं होतं, बाळंतपण अडतं’ हे सासूबाईंच्या मनात असतं, सुनेच्या नाही. तेव्हा बोलायचं सासूबाईंशी. गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नाही, हेही त्यांनाच सांग. चहा त्याच करतात.