मुलाला थेट ‘लीडर’च व्हायचंय

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला, चाकणच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून निवडही झाली, पण तो जायला तयार नाही. ‘शिफ्टमध्ये राबून कुणी लीडर होत नाही’ असं म्हणतो आणि 90 हजार रुपये भरून लीडरशिपचा कोर्स करायचा हट्ट धरून बसलाय. सत्या नडेला यांच्या मुलाखती रोज ऐकतो. तुम्ही विचारता, त्याचं चुकतंय की आम्हीच मागे पडलो?

तुम्ही मागे पडलेला नाहीत. आणि नडेलांना ऐकतोय हे चांगलंच आहे. फक्त तो मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखाला ऐकतोय, त्या खुर्चीआधीची वर्षं त्याच्या नजरेतून सुटलीत. नडेला हैदराबादचे. मणिपालहून 1988 मध्ये इलेक्ट्रिकलची पदवी, अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सचं पुढचं शिक्षण, काही काळ सन मायक्रोसिस्टिम्स, आणि 1992 मध्ये मायक्रोसॉफ्ट. सीईओ झाले 4 फेब्रुवारी 2014 ला. म्हणजे त्याच कंपनीत 22 वर्षं काढल्यावर. एमबीएसुद्धा नोकरी सांभाळून केलं. आठवडाभर काम आणि शनिवार-रविवारच्या वर्गांसाठी विमानाने शिकागो.

त्यांनीच सांगितलेला एक प्रसंग मुलाला जरूर सांगा. मायक्रोसॉफ्टच्या नोकरीसाठी मुलाखत चालली होती. प्रश्न आला, रस्त्यात एक तान्हं बाळ पडून रडतंय, तुम्ही काय कराल? पंचविशीतल्या नडेलांनी थोडा विचार करून उत्तर दिलं, आपत्कालीन नंबरला फोन करेन. मुलाखत घेणारा म्हणाला, अहो, बाळ रडत असेल तर आधी त्याला उचलून घ्यायचं असतं! पुढे त्यांच्या मोठ्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (शरीराच्या हालचालींवर परिणाम करणारा मेंदूचा विकार) होती. दुसऱ्याचं दुःख समजून घेणं आपण त्याच्यामुळे शिकलो, असं ते सांगतात. आज त्यांच्या तोंडी ‘एम्पथी’ हा शब्द येतो तेव्हा त्यामागे घरातली ही सगळी वर्षं असतात. कुठल्या कोर्सच्या वहीत ती कशी उतरवून देणार?

‘मला सगळं येतं’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘मी सगळं शिकेन’ म्हणणारा पुढे जातो, हे त्यांचं आवडतं सूत्र. ते स्वतःलाही लावतात. ऑक्टोबर 2014 मध्ये, सीईओ होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका जाहीर कार्यक्रमात ते म्हणाले की बायकांनी पगारवाढ मागण्यापेक्षा व्यवस्थेवर विश्वास ठेवावा. टीका झाली. त्याच दिवशी त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहून कळवलं की माझं उत्तर साफ चुकीचं होतं. मला त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा हे पत्र मोठं वाटतं.

आता चाकणकडे येऊ. वीस वर्षं मशीनवर काढलेला ऑपरेटर नुसत्या आवाजावरून सांगतो की टूल झिजलंय. त्याच्याशेजारी उभं राहून ‘काका, हे कसं ओळखलंत?’ असं विचारता आलं, तर ते सूत्र तुमच्या मुलाला कळलं. रात्रपाळीत रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारा माल, वाढलं की कुणावर न ढकलता कारण शोधणं, पुढच्या शिफ्टला कामाची खरी स्थिती सांगून हॅंडओव्हर देणं, माणसं सांभाळण्याची सुरुवात इथूनच होते. म्हणून माझं स्पष्ट मत: 90 हजार भरू नका, मुलाला रुजू होऊ द्या. दोन वर्षांनी व्यवस्थापनाकडे वळावंसं वाटलं तर कॅट ही एमबीएची प्रवेश परीक्षा देता येईल. बऱ्याच आयआयएममध्ये प्रवेशाच्या वेळी कामाच्या अनुभवाचेही गुण धरतात.

मात्र ऑफर लेटर नीट वाचा. त्यावर ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’ लिहिलंय की ‘अप्रेंटिस’? अप्रेंटिस असेल तर मुदत संपल्यावर तिथेच नोकरी मिळेल याची खात्री नसते. बॉन्ड आहे का, किती वर्षांचा, मध्येच सोडलं तर किती पैसे भरावे लागतील, हेही पाहा. एखादं कलम समजलं नाही तर त्या पानाचा फोटो पाठवा, रुजू होण्याच्या तारखेआधी उत्तर देतो.