लाँचचा चार्जिंगचा लाल दिवा मंद जळत राहतो, बॅटरी नवी आहे. मेकॅनिक म्हणतो चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघा. अल्टरनेटर बदलू का?

वायर काढू नका. बाकीचं उत्तर सवडीनं वाचलंत तरी चालेल, पण मेकॅनिक म्हणतोय म्हणून चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उपसू नका. आज अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, चांगला असेल, तर त्यानंतर तो खरंच बदलावा लागेल.

आमची लाँच बामणोलीला, शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात. थंडीत वासोटा किल्ल्याची गर्दी असते. सकाळी ट्रेकर मेट इंदवलीला सोडायचे, संध्याकाळी आणायचे. आमचाही दिवा तुमच्यासारखाच मंद जळायचा, उन्हात तर दिसायचासुद्धा नाही. डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की ते बॅटरीला विचारत नाही, त्यामुळे दिवसभर काही कळत नाही. कळलं ते परतीला. माणसं गड उतरून लाँचमध्ये बसलेली, अंधार पडायला आलेला आणि सेल्फ नुसता टक्‌ करून गप्प. शेजारच्या लाँचची बॅटरी जोडून सगळ्यांना आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीटर लावला. इंजिन चालू, लाइट चालू. अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर १४.३ व्होल्ट, बॅटरीवर १२.४. मग एक पिन त्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरली, तर मध्ये जवळजवळ दोन व्होल्ट गायब. इथं अर्धा व्होल्ट दिसला तरी वायरिंगच धरायचं. इंजिन बंद करून जाड वायरच्या लगवरची (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवरची) रबरी टोपी मागं सरकवली, तर तांब्यावर हिरवी भुकटी आणि निम्म्या तारा तुटून लोंबत होत्या. पावसाळाभर उभ्या असलेल्या लाँचमध्ये हे होतंच. अल्टरनेटर ठणठणीत होता.

लग आणायला मी मेढ्याला निघणार, तेवढ्यात माझे थोरले चुलते, नाना, आले. नानांचा हात जुन्या ट्रॅक्टरवर बसलेला. "त्या डबड्यात काय बघतोस? वायर काड. इंजान बंद पडलं न्हाई म्हंजी चार्जिंग हाय." मी नको नको म्हणेपर्यंत पोरानं इंजिन चालू करून मायनस उपसलीसुद्धा. इंजिन चालूच राहिलं. नाना म्हणाले, "बघ."

नवा लग बसवला. आता अल्टरनेटरच्या बोल्टवरच साडेबाराच्या वर काटा जाईना, कितीही रेस केलं तरी. साताऱ्यात इलेक्ट्रिशियननं उघडला, तर डायोड प्लेट गेलेली. नाना आजही चारचौघांत सांगतात की डायोड पावसाच्या ओलीनं आधीच गेले होते. आधीच गेले होते तर त्या सकाळी १४.३ कुठून आले? याचं उत्तर त्यांनी मला अजून दिलेलं नाही.

नानांची रीत डायनामोच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या आधीच्या चार्जिंग यंत्राच्या काळातली. डायनामोत डायोड नसायचे, तिथं ती खपून गेली. अल्टरनेटरमध्ये एसी तयार होतो आणि डायोड त्याचा डीसी करतात. चार्जिंगचा करंट चालू असताना बॅटरी तोडली की व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर सावरेपर्यंत व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळतं आणि ते डायोडवर बसतं. बरं, एवढं करून कळतं काय? डिझेलला स्पार्क प्लगच नाही. मेकॅनिकल पंप डिझेल ढकलतो, ते दाबलेल्या गरम हवेत पेटतं. अल्टरनेटरच्या सगळ्या वायरी सोडून ठेवल्या तरी इंजिन चालेल. मग इंजिन चालू राहिलं म्हणून चार्जिंग आहे, हे कुठलं शास्त्र?

तुमच्या दिव्याबद्दल. तो मंद जळतोय म्हणजे त्याच्या दोन बाजूंच्या व्होल्टेजमध्ये फरक आहे. कारणं बहुतेक दोनच: जाड वायरचा किंवा चावीकडून येणारा जोड खराब, नाहीतर एखादा डायोड गेलेला. वर सांगितलं तसं मोजा, मग अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं मायनस यांच्यामध्येही मोजा. अर्थिंग कुणी बघतच नाही. दोन्हीकडं फरक नाही आणि बोल्टवरच १३.८ च्या खाली, तर आधी बेल्ट बघा. पुलीभोवती काळी भुकटी दिसली तर बेल्ट घसरतोय. बेल्टही ठीक असेल तेव्हाच अल्टरनेटर खोला. त्यातही कार्बन (आतले झिजणारे ब्रश) आणि रेग्युलेटर आधी बघा, ते बदलून काम भागतं. आख्खा नवा घ्या म्हणणाऱ्यानं मीटर लावला होता का, एवढं विचारा.

हे सगळं १२ व्होल्टच्या साध्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाबद्दल आहे. २४ व्होल्टचं असेल तर आकडे दुप्पट धरा. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं असेल तर त्याला वीज लागतेच, आणि तिथं वायर उपसली तर इंजिनाचा कंट्रोलर जाण्याचीही भीती. दोन बॅटऱ्यांमध्ये स्विच असेल तर चालू इंजिनवर तो फिरवताना 'ऑफ'वर जाऊ देऊ नका, तेही वायर काढण्यासारखंच. पिना धरताना बाह्या आणि हात बेल्टपासून लांब ठेवा. आणि नवा अल्टरनेटर घ्यावाच लागला, तर तो जुन्याच लगवर बसवून घेऊ नका. लग नवा टाका, वायर हिरवी पडली असेल तिथपर्यंत कापून.