'फाटक बंद' म्हणजे नेमके काय?

अनेक आशीर्वाद.

रेल्वे फाटकाच्या नियंत्रणासाठी तू केलेला आवश्यकतांचा मसुदा दोनदा वाचला. 'फाटक बंद असल्याखेरीज सिग्नल हिरवा होऊ नये' हे वाक्य योग्यच आहे. परंतु फाटक बंद झाल्याचे यंत्राला कशावरून कळणार, याचा मसुद्यात पुरेसा विचार नाही, म्हणून हे पत्र.

१४ सप्टेंबर १९९३ रोजी वॉर्सा येथे लुफ्तान्साचे एअरबस ए-३२० विमान भर पावसात उतरले. उतरल्यावर विमानाचा वेग कमी करणारा इंजिनांचा उलटा रेटा हवेत असताना सुरू होऊ नये, ही आवश्यकता निर्विवाद होती. मात्र विमान जमिनीवर आहे हे संगणकाला दिसत नसते; मुख्य चाकांच्या दोन्ही पायांवर पुरेसा भार आला, तरच तो उलट्या रेट्याला मुभा देई. बाजूने वारा असल्याची सूचना मिळाल्यामुळे वैमानिकांनी विमान उजवीकडे कलते ठेवले होते, प्रत्यक्षात वारा मागून लोटत होता. उजवी चाके आधी टेकली आणि डावी सुमारे नऊ सेकंदांनी. तेवढा वेळ धावपट्टीवर धावणारे विमान संगणकाच्या लेखी हवेतच होते. धावपट्टी संपली, विमान पलीकडच्या मातीच्या बांधावर आदळले आणि दोघांचा जीव गेला. अपघाताला इतरही कारणे होती, पण संगणकात बिघाड नव्हता. त्याला लिहून दिले होते तसेच तो वागला, आणि हीच गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

तुझ्या मसुद्यात दांड्याच्या बुडाशी असलेला स्विच दाबला गेला की फाटक बंद धरले आहे. पूर्वी मीही तसेच लिहिले होते. मग एका गेटमनने मला मोडलेला दांडा दाखवला: उसाची ट्रॉली घासून तो मधोमध तुटला होता, बुडाकडचा तुकडा नेमाने खाली येत होता, आणि रस्ता मात्र सताड उघडा. अशा वेळी तो रस्त्यावर साखळी ओढतो आणि लाल बावटा घेऊन उभा राहतो. ही माहिती कोणत्याही नकाशात नव्हती आणि त्याला कोणी विचारलीही नव्हती.

तेव्हा परवानगी काढून दोन रात्रपाळ्या फाटकावर काढ. 'काम कसे चालते' असे विचारलेस, तर नियमपुस्तकातले उत्तर मिळेल. 'मागच्या वेळी काय बिघडले आणि तुम्ही काय केले' असे विचार आणि मध्ये न बोलता ऐकून घे. मसुद्यातल्या प्रत्येक आवश्यकतेपुढे 'हे यंत्र कशावरून ओळखेल आणि ती खूण केव्हा खोटी ठरेल' असा एक रकाना ठेव. काही रकाने रिकामे राहतील. ते तसेच ठेवून मसुदा माझ्याकडे पाठव.